गूळ फोडायची हातोडी आणि बडोद्याचे चार दिवस

बडोद्याला जायचं ठरलं ते एका कॉमेंटमुळे.

नेहमीच्या वाचकांना माझा नाद ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगते. मी नाशिकला औषधाचं दुकान चालवते आणि उरलेल्या वेळात जुन्या हातोड्या गोळा करते. गंज काढायचा, मार खाऊन पसरलेल्या कडा कानशीने घासायच्या, नवा दांडा बसवायचा, जवसाचं तेल पाजायचं. बायका साड्यांचे फोटो टाकतात, मी हातोड्यांचे टाकते. वाचक मोजकेच, पण जे आहेत ते जिवाभावाचे.

त्यातल्याच एकाने लिहिलं होतं, "ताई, माझ्याकडे दहा हातोड्या आहेत. नोकरी संपेपर्यंत हातात होत्या. आता हात थरथरतो. मुलगी कॅनडाला, तिला नकोत. भंगारात द्यायला जीव होत नाही. तुम्ही याल तर देईन. कुरियरने पाठवणार नाही. हातोडी हातातून हातात द्यायची असते. दिनकर, समा, बडोदे."

शेवटचा शब्द मी दोनदा वाचला. वडोदरा नाही, बरोडा नाही, बडोदे. दहावीपर्यंत मी त्याच गावची. बाबा बाजव्याच्या एका कारखान्यात होते, आम्ही सुभानपुऱ्यात राहायचो. मग त्यांनी नोकरी बदलली, आम्ही नाशिकला आलो, आणि "एकदा जाऊन येऊ" म्हणता म्हणता छत्तीस वर्षं गेली.

"दहा हातोड्यांसाठी आठ तास गाडी चालवायची?" मिलिंद म्हणाला. मिलिंद म्हणजे माझा नवरा. त्याला हातोडीतलं काही कळत नाही, खाण्यातलं सगळं कळतं.

"तिथे सेव उसळ मिळते," मी म्हटलं.

"कधी निघायचं?"

गुरुवार

सकाळी सहाला निघालो. सुरत मार्गे जाणार असाल तर माझा सल्ला, वणीवरून सापुताऱ्याचा रस्ता धरा. घाटाच्या वळणांवर वेळ जातो, पण सापुताऱ्याला नाश्ता करून खाली वघईकडे उतरताना दोन्ही बाजूंना सागाचं रान लागतं, त्यात सगळं वसूल होतं. वघईच्या आसपास रस्त्याकडेला बांबूच्या टोपल्या आणि सुपं विकायला असतात. तिथे मी हातोडीच्या दांड्यांसाठी धामणीचं लाकूड मिळतंय का म्हणून विचारत बसले. साग दांड्याला चालत नाही, ठोक्याने तडकतो. धामण लवचीक, ठोका आपल्या अंगावर घेते, मनगटापर्यंत येऊ देत नाही. लाकूड मिळालं नाही. मिलिंदने मात्र दोन टोपल्या घेतल्या. का घेतल्या ते त्यालाही सांगता आलं नाही.

चिखलीला मोठा हमरस्ता लागतो. तिथून पुढे ट्रक, टोलनाके आणि पुन्हा ट्रक. नर्मदा ओलांडली की भरूचला थांबून खारे शेंगदाणे घ्या, गरम असतील तर तिथेच खा. तीनच्या सुमारास बडोद्यात शिरलो. स्टेशनच्या पश्चिमेला अलकापुरीच्या मागच्या गल्ल्यांमध्ये दोन हजारांच्या आत स्वच्छ खोली मिळते. आमच्या हॉटेलात गाडी लावायला जागाही होती.

संध्याकाळी सुभानपुऱ्यात गेलो. आमच्या बैठ्या घरांच्या ओळीच्या जागी पाच मजली इमारत उभी आहे. मी फाटकापाशी घुटमळत होते, तेव्हा वॉचमन उठून आला.

"किस का घर ढूँढ रहे हो, बहन?"

"मेरा ही. यहीं था."

त्याने माझ्याकडे, मग इमारतीकडे पाहिलं आणि बसायला खुर्ची पुढे केली. मी पाच मिनिटं बसले. आमची मोरी जिथे होती तिथे आता लिफ्ट आहे. मोरीच्या दगडावर बाबा सात वेळा हात धुवायचे, साबण, मग माती, मग परत साबण, तरी नखांतलं काळं जायचं नाही. आई त्यांना वाढताना म्हणायची, "कारखान्यातनं आलात की खाणीतनं?" वारा उलटा फिरला की बाजव्याकडून रिफायनरीचा वास यायचा. शेजारच्या गुजराती काकी नाक मुरडून खिडक्या लावून घ्यायच्या. आम्ही लावायचो नाही. तो वास आला की बाबांची बस येण्याची वेळ झाली, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं.

शुक्रवार

शुक्रवारी बडोद्यात असाल तर सकाळी लवकर शुक्रवारी बाजार गाठा. जुने नळ, सायकलींच्या साखळ्या, शिवणयंत्रांचे पाय, आणि त्यात कुठे तरी एक खरी वस्तू. हातोडी घेताना रंगाला भुलू नका. दांड्याला धरून डोकं हवेत लटकतं ठेवा आणि दुसऱ्या लोखंडाने हलकेच टिचकी मारा. टण् वाजलं तर घ्या. थप्प वाजलं तर आत चीर आहे, ठेवून द्या. मी सतरा वाजवल्या. विक्रेता वैतागून म्हणाला, "बेन, लेवानी छे के वगाडवानी छे?" घ्यायची आहे की वाजवायची आहे? एक घेतली, त्याच्या समाधानासाठी.

सेव उसळ उभ्यानेच खाल्ली. मिलिंदने तिसऱ्यांदा तिखट रस्सा मागितला आणि पुढचा तासभर काही बोलला नाही. दहा वाजता आम्ही समाला पोचलो.

दिनकरकाका वयाची ऐंशी ओलांडलेले, उंच आणि सडपातळ. रिफायनरीत फिटर होते. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमध्ये झोपाळा. शकुंतलाकाकी दारातच म्हणाल्या, "या, या, दादर चढून दमलात ने? हिंचक्यावर बसा. पाणी देते." माझ्या कानांना किती वर्षांनी ते मराठी ऐकू आलं, जिन्याला दादर म्हणणारं आणि वाक्याच्या शेवटी 'ने' लावणारं. माझ्या आईचंही असंच होतं. नाशिकच्या बायका तिला हसायच्या.

हातोड्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून लहानमोठ्या क्रमाने मांडल्या होत्या. काका एकेक उचलून माझ्या हातात देत आणि तिचं सांगत. ही रिव्हेटसाठी. ही पत्र्याला, हिचं तोंड कधी खरवडू नकोस, आरशासारखं राहायला हवं. मग एक पितळी हातोडी आली, जड आणि पिवळी.

"ही कुठे वापरायचो सांग," काका म्हणाले.

"जिथे ठिणगी चालत नाही तिथे."

"बराबर. वायूची लाइन असेल तिथे लोखंड लोखंडावर मारायचं नाही. ही मऊ, मार खाते, पण ठिणगी पाडत नाही." त्यांनी तिच्या चेपलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "माझ्या हाताखालच्या कोणाला साधं भाजलंसुद्धा नाही. हिच्यामुळे."

मग त्यांनी एक सैल हातोडी पुढे केली. "दांडा बसवून दाखव. त्याशिवाय देणार नाही."

माझी परीक्षाच होती. मी हातोडी उलटी धरली, डोकं खाली लटकतं ठेवलं आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके दिले. नवखे लोक डोक्यावर मारतात. टोकावर मारलं की डोकं आपल्याच वजनाने दांड्यावर चढत जातं. चार ठोक्यांत घट्ट झालं.

काका काकींकडे बघून म्हणाले, "येतं हिला."

"एवढं येतं तर माझ्याही हातोडीचं बघ ने," म्हणत काकी आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून एक लहानशी हातोडी घेऊन आल्या. "गूळ फोडायची आहे. दांडा डुगडुगतो. परवा नारळ फोडताना डोकं निसटून डब्यावर पडलं."

हातोडीवर रुपेरी ऑइलपेंटचे इतके थर होते की ती लोण्याच्या गोळ्यासारखी दिसत होती. पण हातात घेतल्यावर मी थबकले. डोकं लहान, एका बाजूचं तोंड गोल आणि किंचित फुगीर. दुसऱ्या बाजूला दोन आखूड नख्या, आत वळलेल्या. सुताराच्या हातोडीच्या नख्या लांब असतात, या फारच तोकड्या होत्या. असली हातोडी मी एकदाच पाहिली होती, एका म्हाताऱ्या टांगेवाल्याकडे.

"ही कोणाची, काका?"

"बाबांची. त्यांच्याही आधीची असेल. दर खंडेनवमीला बाबा तिला रंग द्यायचे. मीही देत आलो." काका हसले, पण मनापासून नाही. "आमच्या वाटण्या अशा झाल्या. तलवार थोरल्याकडे, गूळ फोडायची हातोडी धाकट्याकडे."

"कसली तलवार?"

ते काकींनी सांगितलं. काकांचे पणजोबा गणोजी संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, स्वार होते. त्यांची तलवार थोरल्या भावाच्या, नानांच्या घरी भिंतीवर आहे. दर खंडेनवमीला सगळे नातेवाईक तिथे जमून तिची पूजा करतात. तलवारीच्या घराण्यातला मुलगा हातोडी घेऊन फिटर झाला, हे नानांना कधी पटलं नाही. ते स्वतः कचेरीत मोठ्या जागेवर होते. लग्नकार्यात ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमचा धाकटा, रिफायनरीत असतो." काय असतो, ते कधी सांगायचे नाहीत. एका खंडेनवमीला काकांनी आपली पितळी हातोडी तलवारीशेजारी पूजेला ठेवली. नानांनी सगळ्यांसमोर ती उचलून दाराबाहेर ठेवली. त्याला अकरा वर्षं झाली. काका तेव्हापासून तिकडे गेले नाहीत.

"जाऊ दे ने आता ते," काका म्हणाले.

मला जे वाटलं होतं ते मी बोलले नाही. नुसत्या आकारावरून कोणाच्या पणजोबांबद्दल काय बोलणार? एवढंच म्हटलं, "काका, हिचा रंग काढून नीट साफ करू? उद्या सकाळी येते."

शनिवार

जुना रंग काढायची माझी रीत सोपी आहे. जुन्या पातेल्यात पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, दांडा काढून डोकं आत टाकायचं आणि तासभर उकळायचं. खिडकी उघडी ठेवा, आणि त्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक करू नका. काकींनी गॅलरीत शेगडी लावून दिली. मिलिंद आत खमण खात बसला होता.

तासाभराने चिमट्याने डोकं बाहेर काढलं. रंग सायीसारखा सुटून आला. रुपेरीच्या खाली लाल, लालच्या खाली हिरवा, त्याखाली पुन्हा लाल. मग तारेचा ब्रश घेतला. एका बाजूला बारीक ठिपके दिसायला लागले. लग्नात दिलेल्या भांड्यांवर पूर्वी ठिपक्याठिपक्यांनी नाव घालत, तसे. मी फडक्याने पुसलं, वाचलं, आणि हात थांबला.

सांगावं की नाही? एका घराने पिढ्यान्‌पिढ्या फुलं वाहिलेली गोष्ट होती ती. मी कोण, चार दिवसांची पाहुणी. पण वस्तू त्यांची होती आणि नावही त्यांचं. मी आत जाऊन डोकं काकांच्या हातात दिलं.

काकांनी भिंग घेतलं. हात थरथरत होता, म्हणून काकींनी मनगट धरलं.

"ग... णो... जी," काकांनी वाचलं. "ना... ल..."

"नालबंद," काकी म्हणाल्या.

मिलिंद खायचा थांबला. मी हळू आवाजात समजावलं. नालबंद म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. या गोल तोंडाने खिळा मारायचा, खुरातून बाहेर आलेलं टोक या नख्यांत धरून पिळून तोडायचं. म्हणून नख्या एवढ्या आखूड. हातोडी हलकी, कारण खाली जिवंत जनावराचा पाय असतो.

काकांनी अक्षरांवरून पुन्हा भिंग फिरवलं. मला वाटलं, चुकलं माझं. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या घरात मी पहिला नव्हतो."

नंतर उठून चप्पल शोधायला लागले. "चल. नानाकडे जायचं."

"आत्ता? जेवून बपोरी झोपतात ते," काकी म्हणाल्या.

"उठतील."

नानांचा फ्लॅट दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. नव्वदीला आलेले, धोतर, ताठ मान. अकरा वर्षांनी धाकटा भाऊ दारात उभा होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाले. "या."

टीव्हीच्या वर तलवार होती, मुठीला ताजा झेंडूचा हार. काका बसले नाहीत. त्यांनी हातोडीचं डोकं टीपॉयवर ठेवलं, नाव वरच्या बाजूला येईल असं.

नानांनी ते उचललं नाही. वाचायला वाकलेही नाहीत. नुसतं बघितलं आणि विचारलं, "रंग कोणी काढला?"

तेव्हाच माझ्या लक्षात आलं. काकांच्याही आलं.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"बस दिनू."

"नाना, तुला माहीत होतं?"

"बाबांनी जायच्या आधी सांगितलं." नाना खुर्चीत बसले. "तलवार आजोबांनी विकत आणली होती. लग्नं जमायला अडचण यायची म्हणून. गणोजी रिसाल्यात होते ते खरं, पण स्वार नव्हते. बाबांनी हातोडीला रंग लावला तो अक्षरं दिसू नयेत म्हणून. फेकून द्यायचं धाडस त्यांना झालं नाही. मला म्हणाले, तू थोरला, तू सांभाळ."

"मग मला का नाही सांगितलं? मी जन्मभर तुझ्याकडे मान खाली घालून आलो. माझी हातोडी तू दाराबाहेर ठेवलीस, चारचौघांत."

नानांचा आवाज बारीक झाला. "तू फिटर झालास तेव्हा मला वाटलं, आता लोकांना कळणार. रक्तात काय आहे ते बाहेर पडलं. तुझ्या हातात हातोडी दिसली की मला ती दिसायची." त्यांनी टीपॉयकडे बोट केलं. "तुझी लाज नव्हती रे वाटत. भीती वाटायची."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. काकींनी आत जाऊन पाणी आणलं, ते घर कालपर्यंत रोजचंच असल्यासारखं. काका शेवटी बसले.

"घोडा पाय देतो का कोणाला सहज?" ते म्हणाले. "एक खिळा वाकडा गेला तर जनावर लंगडं. स्वार पडतो तो लढाईआधीच. रिसाला उभा होता तो कोणाच्या जिवावर?"

नानांनी हातोडीचं डोकं उचलून हातात घेतलं, तळव्यावर तोललं. "नवा दांडा बसवून आण," ते म्हणाले. "तलवारीशेजारी लावू. खिळा मी ठोकून घेतो."

"नाही," काका म्हणाले. "ही रसोड्यात जाणार. हिला काम आहे." आणि पहिल्यांदाच दोघे हसले, नाना थोडं उशिरा.

समाला परतल्यावर मी दांडा बसवला. धामण नव्हती, तर काकींच्या मोडक्या मुसळाचं बाभळीचं लाकूड तासलं. पाचर काकांनी स्वतः मारली. पहिले दोन ठोके चुकले. मी मदतीला हात पुढे केला नाही. तिसरा बरोबर बसला.

रविवार

परतीच्या गाडीत मागच्या सीटवर काकांच्या दहा हातोड्या आणि मिलिंदसाठी दोन किलो लीलो चिवडा, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, होता. काकांनी प्रत्येक हातोडी माझ्या दोन्ही हातांत दिली, एकेक करून. पितळी हातोडी देताना थांबले. मी म्हटलं, "काका, ही ठेवा." ते म्हणाले, "नको. इथे ती नुसती पडून राहील. तू वापर." खाली गाडीपर्यंत सोडायला आले आणि "आवजो" म्हणून मागे न बघता गेले.

नर्मदेच्या पुलावर मी मिलिंदला एक गोष्ट सांगितली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी सांगितली नव्हती. सुभानपुऱ्याच्या शाळेत वर्गात प्रत्येकाने उभं राहून वडील काय करतात ते सांगायचं होतं. माझ्या पुढची मुलगी म्हणाली, डॉक्टर. मी म्हटलं, इंजिनिअर. त्याच दिवशी बाबा पालकसभेला आले, कामावरून थेट, कपड्यांवर ग्रीसचे डाग. बाईंनी विचारलं, "आपण इंजिनिअर ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो, तसंच काहीसं." घरी चालत येताना त्यांनी तो विषय काढला नाही. नंतरही कधी काढला नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या पेटीतल्या हातोड्यांना गंज चढला होता, आणि मी पहिल्यांदा तारेचा ब्रश हातात घेतला.

मिलिंदने गाडी बाजूला घेतली आणि मला पाणी दिलं. त्याचं हे मला आवडतं.

या प्रवासातून काय उरलं? खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल, टोल आणि तीन रात्रींची खोली, दोघांना परवडण्यासारखं. सुभानपुऱ्याचं घर उरलेलं नाही, आणि आता त्याचं तितकंसं वाईटही वाटत नाही. नऊ हातोड्या साफ करून फळीवर लावल्या आहेत. पितळी हातोडी दुकानात ठेवली आहे. शटरची कडी अडकली की तिने ठोकते. कोणी विचारलं तर सांगते, बडोद्याच्या एका फिटरची आहे. आणि मी फिटरची मुलगी.

महिन्याभराने काकींचा फोन आला. "अगं, नाना आले होते. आपणहून. दादर चढताना दोनदा बसले, पण आले. पुरणपोळी करायची होती, म्हटलं गूळ फोडते. तर म्हणाले, दे इकडे."

"मग?"

"जन्मात हातोडी धरली नव्हती. यांनी शेजारी बसून शिकवलं, असं धर, मनगट सैल सोड. अर्धा गूळ फरशीवर सांडला, मुंग्या झाल्या." काकी हसत होत्या. "पण फोडला."